घर बघायला आलेले साहेब

पोहे तुम्ही खाल्लेत, साहेब. पहिली ताटली संपवून तुम्ही म्हणालात, "थोडे अजून चालतील." लिंबाची फोड मागून घेतलीत. शेंगदाणे कुरकुरीत आहेत म्हणून कौतुक केलंत. हात धुतलेत, माझ्या घरच्या नव्या टॉवेलला पुसलेत, आणि जाऊन माझ्या पोरीला नको म्हणालात.

तुमचं नाव मला माहीत नाही. तुम्ही सांगितलं नाही आणि आमच्यात घरी आलेल्या पाहुण्याला, तुम्ही कोण, असं कुणी विचारत नाही. तुमच्याबरोबरच्या पोरीचं नाव शलाका मॅडम. ती तुम्हाला सर म्हणत होती. आम्ही साहेब म्हणालो. ह्याला आता बारा वर्षं झाली. तेव्हा मला लिहिता येत नव्हतं, म्हणजे सही येत होती. आता येतं. म्हणून लिहिते.

त्या उन्हाळ्यात आमच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी वळणाऱ्यांच्या वसाहतीत, शाळा सोडून दुसरा विषय नव्हता. पालिकेनं आपल्या तीन शाळा संस्थांना चालवायला दिल्या होत्या. इमारत पालिकेची, मास्तर संस्थेचे, शिक्षण इंग्रजी आणि फुकट. नावं मोठी मोठी होती, ती आमच्या तोंडात बसेनात. आम्ही गणवेशावरून नावं पाडली. निळी शाळा, पिवळी शाळा, चॉकलेटी शाळा.

दुपारी जेवणं झाली की सत्यवती अक्काच्या ओट्यावर आम्ही बाया सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला बसायचो. हात आपले पानं कापायचे, तंबाखू भरायचे, दोरा बांधायचे. तोंडं शाळांची मापं काढायची. निळ्या शाळेत केळं देतात. पण निळी शाळा हायवेच्या पलीकडं, पोर रस्ता कसं ओलांडणार? पिवळ्या शाळेतल्या बाई लई गोड बोलतात. पण रोज घरी काहीतरी करून आणायला सांगतात, कागदाचं घर कर, मातीचा हत्ती कर. शेजारची शहनाज म्हणाली, तिच्या भावजयीनं रात्रभर जागून हत्ती केला, मॅडमनी त्याला दोन स्टार दिले. अक्का म्हणाली, "मग शाळेत भावजयीलाच घाला की."

चॉकलेटी शाळा जवळ होती. तीच आमची जुनी तेलुगू-मराठी शाळा, जिथं मी दुसरीपर्यंत गेले होते. तिला रंग दिला होता, गेट बसवलं होतं, खिडक्यांना जाळ्या होत्या. तिथली पोरं इंग्रजीत भांडतात असं सगळे सांगायचे. हे आम्हाला फार मोठं वाटायचं. इंग्रजी बोलणारी पोरं आम्ही टीव्हीत बघितली होती. इंग्रजीत भांडणारी नव्हती बघितली.

माझे मालक, व्यंकटेश, ह्यांची वेगळीच रीत. ते यंत्रमागावर रात्रपाळीला. सकाळी झोपायचं सोडून तीन दिवस ते तिन्ही शाळांच्या गेटासमोर शाळा सुटायच्या वेळेला जाऊन उभे राहिले. आले आणि म्हणाले, चॉकलेटी.

मी विचारलं, कशावरून? मास्तरांशी बोललात?

"मास्तर काय, सगळेच गोड बोलतात," ते म्हणाले. "मी पोरं बघितली. निळ्यातली पोरं घंटा झाली की जीव घेऊन पळतात. पिवळ्यातली पण पळतात. चॉकलेटीतली गेटापाशी रेंगाळतात. घरी जाईनात. आपल्या हरिणीला तिथं घालायचं."

हरिणी सहा वर्षांची होती. एकुलती. माझ्या शेजारी बसून पानांच्या कातरणांचे मोर करायची. तंबाखूच्या वासात जन्मली, तंबाखूच्या वासात चालायला शिकली. माझ्या आईनं विड्या वळल्या, मी वळल्या. हरिणीच्या मांडीवर सूप येऊ नये एवढंच मला पाहिजे होतं. दुसरं काही नाही.

अर्ज भरला. शहनाजनंही भरला, तिच्या अरमानसाठी. मग एक दिवस शाळेतून निरोप आला की प्रवेश द्यायच्या आधी संस्थेची माणसं घर बघायला येतील. बुधवारी आमचं, गुरुवारी शहनाजचं.

घर बघायला. एवढंच सांगितलं. काय बघायला, हे नाही सांगितलं.

आम्ही ओट्यावर सगळ्यांनी डोकं लावलं. कुणी म्हणालं पाणी-वीज बघतील, कुणी म्हणालं आईबाप दारू पितात का बघतील. अक्का सगळ्यांत मोठी. तीन पोरी उजवलेली. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि सांगितलं, "बघायला यायलेत म्हणजे काय असतंय? पोरगी बघायला येतात तसंच की. त्यांना पोरगी न्यायची हाय. घर नीट दिसलं तर नेतील. एवढं काय कळंना झालंय तुम्हाला?"

कळलं. आमच्यात पोरगी बघायला येणार असली की त्या घरात सगळ्या गल्लीचं सामान जातं. कुणाच्या खुर्च्या, कुणाच्या कपबशा, कुणाचा टीपॉय. नवऱ्याकडच्यांनाही माहीत असतं. त्यांच्या गल्लीतही तसंच असतं. ह्याला आमच्यात खोटं म्हणत नाहीत, पाहुण्याचा मान म्हणतात. अक्काच्या तिन्ही पोरी ह्याच मानावर उजवल्या आणि तिन्ही नांदतायत.

बुधवारी सकाळपासून माझ्या घरात सामान यायला लागलं. शहनाजच्या चार खुर्च्या आल्या. तिच्या मोठ्या पोरीचं अभ्यासाचं टेबल आलं. अक्काच्या आणि शहनाजच्या ठेवणीतल्या ताटल्या आल्या. नवी चादर आली, भिंतीवरचं घड्याळ आलं. शेवटी अक्का म्हणाली, फ्रिज पाहिजे. मी नको म्हणाले. तिनं ऐकलं नाही. यंत्रमागावरची चार माणसं रात्रपाळी करून आली होती, त्यांनी डोळे चोळत तिच्या घरातला फ्रिज उचलून माझ्या घरात आणून ठेवला. बटण लांब होतं, वायर पुरेना. राहू दे, अक्का म्हणाली, नुसता दिसला तरी बास.

आणि जे माझं होतं ते बाहेर गेलं. सूप, कात्री, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, तंबाखूचं पोतं. सगळं शहनाजच्या घरात. तिचा नंबर गुरुवारी, म्हणजे बुधवारी रात्री सगळं उलटं करायचं. तिचं सूप आणि माझं सूप माझ्या घरात, आणि खुर्च्या, टेबल, फ्रिज तिच्या घरात. असं ठरलं होतं. मी चार उदबत्त्या लावल्या. तरी वास जाईना. भिंतींनाच होता तो.

तुम्ही आलात. चपला बाहेर काढल्यात, ते मला आवडलं. खुर्चीत बसलात, घाम पुसलात, पाणी मागितलंत. मी माठातलं दिलं. फ्रिज तुमच्या डाव्या हाताला होता. तुम्ही फ्रिजकडे बघितलंत, तांब्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "माठाचंच बरं असतं."

मी हो म्हणाले.

शलाका मॅडम हातातल्या मोबाइलवर टिचक्या मारत विचारत होत्या. घरात माणसं किती, वडील काय करतात, आई काय करते. आई काय करते ह्यावर मी, घरीच असते, म्हणाले. ते खोटं नव्हतं. विड्या मी घरीच वळत होते.

हरिणी टेबलाशी बसली होती. तेल लावून दोन वेण्या, लाल रिबिनी. तुम्ही तिला तुझं नाव काय असं इंग्रजीत विचारलंत, तिनं इंग्रजीत सांगितलं. मग तुम्ही मराठीत विचारलंत, "टेबलाच्या खणात काय ठेवतेस गं?" तिला काय माहीत? तिनं खण ओढला. आत शहनाजच्या पोरीच्या बांगड्या आणि एक कंगवा. ती बघत राहिली. तुम्ही हसलात. आम्हीही हसलो.

मग मी पोहे दिले. तुम्ही चमचा उचललात आणि ताटलीच्या कडेवर कोरलेलं नाव मोठ्यानं वाचलंत. "सौ. सत्यवती नरसय्या बोद्दुल." माझ्याकडे बघितलंत. "तुम्ही तर येलदी ना?"

"शेजारच्या अक्कांची ताटली हाय," मी म्हणाले. "पाहुणे यायचे म्हणून आणली."

मॅडमच्या ताटलीवर बागवान होतं. म्हणजे शहनाजचं. मॅडमनी ते वाचलं आणि त्यावर अंगठा ठेवला.

तुम्ही म्हणालात, "छान. एकोपा आहे तुमच्यात."

मी मनातल्या मनात हात जोडले. म्हटलं, माणूस चांगला आहे. त्याला कळलं आणि त्यानं कमी लेखलं नाही.

मग तुम्ही विचारलंत, हिचा एक फोटो काढू का? मी रिबीन नीट केली. टेबलावर शहनाजच्या पोरीचं पुस्तक उघडून ठेवलं. तुम्ही म्हणालात, "बाळा, वर बघून हस." ती हसली. पुढचे दोन दात पडलेले होते.

जाताना तुम्ही दारात थांबलात. मॅडमना म्हणालात, "पुढचं घर कुठलं? बागवान ना? हे शेजारचंच दिसतंय. उद्या परत कशाला यायचं, आत्ताच उरकू."

अक्का दारात उभी होती. ती म्हणाली, "त्यांचं उद्या हाय ओ साहेब. ती बाई घरात नाही."

तेवढ्यात शहनाज आपल्या दारात आली. काय गडबड आहे बघायला.

तिच्या घरात दोन सुपं होती. दोन पोती होती. माझी पानं, तिची पानं, सगळ्या जमिनीवर. खुर्ची एकही नाही, सगळ्या माझ्या घरात. अरमान तंबाखूच्या पोत्याला टेकून झोपला होता. तुम्ही आत गेलात की नाही मला आठवत नाही. मला आठवतंय ते एवढंच, की तुम्ही तिथं चपला काढल्या नाहीत.

शहनाज नंतर माझ्या घरात येऊन बसली. रडली नाही. टेबलाचा खण उघडून बांगड्या हातात घेऊन बसली. मी म्हणाले, तुला घेतील बघ, गरिबांसाठीच शाळा आहे म्हणे, तुझंच घर खरं दिसलं. ती म्हणाली, "माझं कुठं? अर्धं तुझं होतं."

नावं लागली त्या दिवशी आम्ही तिघी गेलो. मी, शहनाज आणि अक्का. हरिणीला घरी ठेवायला कुणी नव्हतं, तिला बरोबर घेतली. गेटावर कागद चिकटवला होता. मला अक्षरं ओळखू येत होती तेवढी ओळखली. अक्काच्या नातवानं घरून नाव लिहून दिलं होतं, ते धरून एकेक ओळ मिळवत गेले. हरिणी नव्हती. अरमान नव्हता. आमच्या घरकुलातलं एकही नाव नव्हतं.

वॉचमन आत सोडेना. अक्का म्हणाली, सोडू नको, आम्ही इथंच विड्या वळत बसतो, आम्हाला कुठंही बसायची सवय हाय. शेवटी शलाका मॅडम बाहेर आल्या. आम्हाला बघून त्यांचा चेहरा उतरला. मी विचारलं, साहेब कुठायत? पुण्याला गेलेत, म्हणाल्या. मग मी विचारलं, माझ्या पोरीला का नाही घेतलं?

त्यांनी मोबाइलवर शोधलं. "हरिणी येलदी. आर्थिक स्थिती चांगली. घरात फ्रिज, फर्निचर, स्टडी टेबल. प्राधान्य गरजूंना आहे, ताई."

मला आधी हसू आलं. मग मी सांगितलं. फ्रिज ह्यांचा, मी अक्काकडे हात केला. टेबल हिचं, खुर्च्या हिच्या. माझ्या घरात एक खाट आणि एक सूप आहे, चला आत्ता दाखवते.

शहनाज म्हणाली, "आणि माझा मुलगा? मी तर गरीब हाय ना? तुम्हीच बघितलं."

मॅडमनी पुन्हा शोधलं. त्या वाचत होत्या तेव्हा त्यांचा आवाज खाली गेला. "घरात तंबाखूचं काम मोठ्या प्रमाणावर. बसायला जागा नाही. मुलाच्या अभ्यासासाठी वातावरण योग्य नाही."

अक्का पुढं होऊन म्हणाली, "म्हणजे हिच्यात सामान हाय म्हणून नको. आणि तिच्यात सामान नाही म्हणून नको."

मॅडमनी मोबाइल बंद केला.

शहनाज माझ्याकडे वळली. भांडायला नाही, नुसतंच सांगितल्यासारखं म्हणाली, "अंबिका, तुझी तंबाखू माझ्या नावावर लागली. माझी खुर्ची तुझ्या नावावर."

मी मॅडमना विचारलं, "तुम्हाला माहीत नव्हतं? ताटलीवरचं नाव साहेबांनी वाचलं की. तुम्ही अंगठा ठेवला त्यावर."

"कळलं होतं, ताई."

"मग लिहिलं का नाही?"

"लिहायला तशी जागाच नसते," त्या म्हणाल्या. "फ्रिज आहे का, हो की नाही, एवढंच असतं. कुणाचा आहे, हे विचारलेलं नसतं. आणि मी फक्त भरते. ठरवतात सर."

आमच्यामागं लिंबाच्या झाडाखाली स्कूट्या उभ्या होत्या. पलीकडच्या अपार्टमेंटमधल्या बाया गणवेशाचं कापड बघत होत्या. एकीनं चॉकलेटी फ्रॉक पोरीच्या अंगाला लावून बघितला, लांब होतोय म्हणाली, वाढत्या अंगाचा असू दे म्हणाली.

मी विचारलं, ह्यांच्या घरी गेला होता का बघायला?

मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्यांचं सगळं ऑनलाइनच असतं. तिकडे जायला लागत नाही."

"मग आमच्याकडं कशाला आलात?"

त्या वळून आत गेल्या. नोकरीच करत होती पोर, तिच्यावर मी राग धरला नाही. माझा राग शिल्लक आहे तो सगळा तुमच्यासाठी आहे.

आम्ही निघालो. थोडं चालल्यावर ध्यानात आलं, हरिणी बरोबर नाही. मागं बघितलं तर ती गेटापाशीच होती. मान वर करून उभी. मी हाक मारली, ती आली नाही. मी परत गेले.

गेटाच्या वर मोठा फ्लेक्स लावला होता. सकाळी आम्ही कागदावरची नावं शोधत होतो, वर कुणी बघितलंच नव्हतं. फ्लेक्सवर एक पोरगी टेबलाशी बसली होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, समोर उघडं पुस्तक, पुढचे दोन दात नसलेलं हसू. तिच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. ते मला वाचता आलं नाही. शेजारी उभ्या असलेल्या एका स्कूटीवाल्या बाईला मी विचारलं, वर काय लिहिलंय? तिनं वाचून दाखवलं.

"वस्तीतल्या प्रत्येक घरापर्यंत, प्रत्येक मुलापर्यंत."

मग तिनं वरच्या पोरीकडे बघितलं, हरिणीकडे बघितलं आणि म्हणाली, "अय्या, ही तर हीच आहे. किती गोड. कुठल्या तुकडीत आहे?"

हरिणीनं माझा पदर ओढला. म्हणाली, "आई, मी तर आत हाय. मग तू मला घरी का न्यायलीस?"

मी तिचा हात धरला. ती पाय रोवून उभी राहिली. शाळा सुटली होती, चॉकलेटी पोरं बाहेर यायला लागली होती. आणि व्यंकटेश सांगत होते ते खरं होतं. ती पोरं घरी जाईनात. गेटापाशी रेंगाळत होती, ढकलाढकली करत होती. त्यांच्यात माझी पोरगी रेंगाळत होती.

अक्का मागून आली आणि तिनं हरिणीला उचलून कडेवर घेतलं. सहा वर्षांची घोडी, पण घेतली. घरी आल्यावर मी शहनाजच्या घरातून माझं सूप आणलं.

तो फ्लेक्स तुम्ही तीन वर्षं काढला नाहीत. उन्हानं हरिणीच्या रिबिनी आधी गुलाबी झाल्या, मग पांढऱ्या. मग वाऱ्यानं एका बाजूनं फाटला, आणि तिचं तोंड तेवढं लोंबत होतं. ती पालिकेच्या उरलेल्या मराठी शाळेत जायची, दोन गल्ल्या पलीकडं. तुमच्या गेटावरून सरळ रस्ता होता. ती मागच्या नाल्याकडून जायची. अजून तिकडूनच जाते. मी तिला कधी विचारलं नाही.

ती शिकली. बारावी झाली, आता नर्सिंगला आहे. तिच्या मांडीवर सूप आलं नाही. ती पहिलीत ग म भ न काढायची तेव्हा मी तिच्या पाटीशेजारी दुसरी पाटी घेऊन बसायचे, तेव्हाची ही माझी अक्षरं. ह्यात तुमचं काही नाही. उद्या कुठल्या भाषणात सांगू नका की आमच्या शाळेच्या वस्तीतली पोरगी. अरमान यंत्रमागावर जातो. व्यंकटेशच्याच खात्यात, रात्रपाळीला. तेही लिहून ठेवते, कारण तेही तुमचंच आहे.

लोक मला म्हणतात, अंबिका, चूक तुमचीच, दुसऱ्याचं सामान कशाला मांडलं? मला त्याची लाज नाही. घरी पाहुणा येणार म्हणून आम्ही घर सजवलं. पाहुणा कसा आहे हे आम्हाला माहीत नव्हतं, एवढंच.

फ्रिज ठेवलेल्या घरात तुम्ही माठाचं पाणी प्यालात. बागवानचं नाव कोरलेली ताटली तुमच्यासमोर होती, आणि बागवानच्या घरात बसायला खुर्ची नाही असं तुम्ही ठरवलंत. टेबलाचा खण तुम्हीच उघडायला लावलात. तुम्हाला सगळं कळलं होतं.

तर आता सांगा. घरात किती सामान असलं म्हणजे पोर शाळेत घेतात? एक खुर्ची? दोन? फ्रिज नको तर काय पाहिजे होतं? आणि तुम्हाला आमची पोरं न्यायचीच नव्हती, तर आमच्या घरात तुम्ही काय बघायला आला होतात?

हरिणी आता विचारत नाही. मी विचारते. पोहे खाल्लेत तुम्ही माझे. उत्तर द्या.